उतारावरील धोक्याचे मूल्यमापन : हिमस्खलन, दरड आणि बीडचा बालाघाट

बीड जिल्ह्याच्या भूगोलाचा अभ्यास करणाऱ्यास हिमस्खलन हा विषय प्रथमदर्शनी परका वाटणे स्वाभाविक आहे. उत्तरेस गोदावरी, मध्यातून पश्चिम-पूर्व गेलेली बालाघाटाची रांग, आणि वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, असे या अवर्षणप्रवण जिल्ह्याचे स्वरूप आहे. बर्फाशी येथील शेतकऱ्याचा संबंध गारपिटीपुरताच येतो. तथापि हा परकेपणा पूर्ण नाही. २०१७ च्या जानेवारीत काश्मीरमधील गुरेझ खोऱ्यात हिमस्खलन होऊन जे जवान मृत्युमुखी पडले, त्यांत महाराष्ट्रातील अकोला व बीड या जिल्ह्यांतील जवान होते. त्याच्या आदल्या वर्षी, ३ फेब्रुवारी २०१६ रोजी, सियाचीनवरील एका ठाण्यावर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. कोरडवाहू मुलखातील तरुण सैन्यात जातो तेव्हा त्याने जन्मात न पाहिलेल्या उतारांची पारख हा त्याच्या जीवनमरणाचा प्रश्न होतो.

या विषयाकडे लक्ष वेधण्याचे दुसरेही कारण आहे. हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज बांधण्याची जी पद्धती गेल्या शतकात सिद्ध झाली, ती उतारावरून खाली येणाऱ्या कोणत्याही संकटास थोड्याफार फेराने लागू पडते. सह्याद्रीतील दरडी हे तिचे महाराष्ट्रातील सर्वांत निकटचे क्षेत्र होय. प्रस्तुत लेखात प्रथम त्या पद्धतीचे स्वरूप सांगून, नंतर सह्याद्रीत तिचा पडताळा घेऊन, शेवटी बालाघाटाच्या संदर्भात तिच्यातून कोणते निष्कर्ष निघतात याचा विचार केला आहे.

१. हिमस्खलनाची घडण

हिमस्खलनाचे स्थूलमानाने दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात मोकळा, भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून सुटतो आणि खाली येता येता पंख्यासारखा पसरतो. दुसऱ्या प्रकारात बर्फाचा एकजीव थर मोठ्या लादीप्रमाणे एकदम सुटतो. हा दुसरा प्रकार, ज्याला लादी-स्खलन म्हणणे सोयीचे होईल, अधिक घातक आहे. कारण त्यात उताराचा विस्तीर्ण भाग क्षणार्धात गतिमान होतो आणि उतारावर उभा असलेला मनुष्य लादीच्या मध्यभागी सापडतो.

लादी-स्खलनास चार गोष्टी एकत्र याव्या लागतात : पुरेसा उतार, वरचा एकजीव थर, त्याखालील दुर्बळ थर, आणि निमित्त. उताराचा विचार केल्यास अशी बहुसंख्य स्खलने तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुरू होतात. याहून सपाट उतारावर घर्षण पुरेसे असते. याहून फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, पडेल तसतसा थोडथोडा झडून जातो. म्हणजे अतिउभा कडा दिसण्यास भयंकर असला तरी खरा धोका मध्यम उभ्या, चढण्यास योग्य वाटणाऱ्या उतारावर असतो.

दुर्बळ थराची उत्पत्ती अधिक सूक्ष्म आहे. हिवाळ्यात जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो, तर पृष्ठभाग रात्रीच्या थंडीने पुष्कळ खाली उतरतो. बर्फाच्या थरात दर मीटरमागे सुमारे दहा अंशांहून अधिक तापमानभेद निर्माण झाला, की खालची वाफ वर सरकू लागते आणि मूळचे कण बदलून मोठे, कोनदार, परस्परांना न चिकटणारे स्फटिक तयार होतात. मुठीत घेतल्यास साखरेप्रमाणे ओघळणारा हा बर्फ वरच्या थरांचा भार पेलून असतो. परंतु एका ठिकाणी तो ढासळला की ढासळण्याची क्रिया लाटेप्रमाणे पसरते. थोडा बर्फ आणि दीर्घ, निरभ्र थंडी असलेल्या काराकोरममध्ये हा प्रकार विशेष आढळतो. पीर पंजाल रांगेत तुलनेने उष्ण हवा व भरघोस हिमवर्षाव असल्यामुळे तेथे ताज्या बर्फाच्या भाराने होणारी स्खलने अधिक महत्त्वाची ठरतात. एकाच हिमालयात दोन रांगांची नाडी अशी निराळी असल्याने एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लावता येत नाही.

भाराचे गणित साधे आहे. ताज्या बर्फाची घनता दर घनमीटरला शंभर किलोग्रॅम धरली, तर साठ सेंटिमीटर हिमवर्षावाने प्रत्येक चौरस मीटरवर साठ किलोग्रॅम भार पडतो. शंभर मीटर लांब व पन्नास मीटर रुंद उतारावर हाच भार तीनशे टन होतो. हा भार आठवडाभरात पडला, तर खालचे थर दबून काहीसे घट्ट होण्यास अवसर मिळतो; एका रात्रीत पडला, तर तो मिळत नाही. म्हणून एकूण भाराइतकाच त्याचा वेग महत्त्वाचा असतो. वारा हा या बाबतीत विशेष कपटी घटक आहे. एका बाजूचा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूस तो इतक्या त्वरेने रचतो, की आकाश निरभ्र असतानाही उतारावरील भार वाढत राहतो.

शास्त्रकार उपादानकारण आणि निमित्तकारण असा जो भेद करतात, तो येथे नेमका लागू पडतो. थरांची रचना व साचलेला भार हे उपादान होय. एका मनुष्याचे पाऊल हे निमित्त. हिमक्रीडा व गिर्यारोहण यांतील अपघातांची पाहणी असे दाखविते, की त्यांपैकी फार मोठ्या भागात स्खलनाचे निमित्त बळी पडलेली व्यक्ती किंवा तिचे सोबतीच होते. गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण अत्यंत घसरते. शोधपथक दूरवरून येईपर्यंत हा अवधी बहुधा संपलेला असतो. यास्तव या क्षेत्रात बचावापेक्षा पूर्वपरीक्षेस महत्त्व आले.

२. पुराव्यांची प्रतवारी

हिमस्खलनाचे शास्त्रशुद्ध निरीक्षण स्वित्झर्लंडमध्ये दावोसजवळ १९३० नंतरच्या दशकात सुरू झाले. १९५०-५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये स्खलनांची मालिका होऊन एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसे मेली, आणि त्यानंतर तेथे वस्त्यांच्या भूमीची धोक्यानुसार विभागणी करण्याच्या कामास वेग आला. भारतात संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या वतीने १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये ती चंदीगढ येथील नव्या भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन करण्यात आली. सीमेवरील दळांना व पहाडी प्रदेशांना धोक्याच्या सूचना पुरविणे हे या कार्याचे प्रमुख अंग आहे.

पुरावे अनेक असले तरी सर्वांचे मोल सारखे नसते, हा या शास्त्राचा पायाभूत सिद्धांत आहे. अमेरिकेतील हिमशास्त्रज्ञ एडवर्ड लाशापेल यांनी १९८० मध्ये पुराव्याची जी मांडणी केली, तिच्या आधारे तीन वर्ग पाडले जातात. पहिल्या वर्गात अस्थिरतेचा साक्षात पुरावा येतो : शेजारच्या उतारावर नुकतेच झालेले स्खलन, पायाखालून धावणारी भेग, थर बसल्याचा धप्प असा घुमणारा आवाज. दुसऱ्या वर्गात रचनेचा पुरावा येतो : बर्फात खड्डा खणून थरांची कठीणता तपासणे, स्तंभ कापून त्यावर थाप मारणे व कोणत्या थापेस कोणता थर सुटतो हे पाहणे. तिसऱ्या वर्गात हवामान येते : हिमवर्षाव, वारा, तापमानातील बदल. पहिल्या वर्गाचा पुरावा उपलब्ध असल्यास तो निर्णायक मानावा आणि इतर दोन वर्गांच्या अनुकूल साक्षीने त्यास रद्द करू नये, हा व्यवहाराचा नियम होय.

याच नियमाची दुसरी बाजू अधिक विचारणीय आहे. भेग दिसली तर धोका सिद्ध होतो. परंतु भेग दिसली नाही म्हणून निर्धोकता सिद्ध होत नाही. दुर्बळ थर उतारावर सर्वत्र सारखा नसतो. एका खड्ड्यात तो सापडला नाही, तरी वीस पावलांवर असू शकतो. म्हणून अनुकूल चाचणीचे मोल प्रतिकूल चाचणीहून कमी धरले जाते. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीस मिळतो; येथे तो उतारास देता येत नाही.

युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी प्रचारात आहे. तिच्या पायऱ्या समान अंतराच्या नसून प्रत्येक पायरीस धोका झपाट्याने वाढत जातो. मृत्यूंचा मोठा वाटा मात्र सर्वोच्च पायरीवर न पडता मधल्या पायऱ्यांवर पडतो. कारण धोका सर्वांत मोठा असतो तेव्हा वाटा बंद असतात आणि माणसे घरी असतात.

३. मनुष्य हा घटक

हिमस्खलनाच्या अभ्यासाने उतारापेक्षा माणसाविषयी अधिक शिकविले, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही. इयान मॅकॅमन यांनी अमेरिकेतील १९७२ ते २००३ या काळातील सातशेहून अधिक हिमक्रीडा-अपघातांची छाननी केली. तीत असे आढळले, की अनेक गटांना हिमस्खलनाची माहिती होती आणि धोक्याच्या खुणाही समोर होत्या. तरीही ते पुढे गेले. परिचित उतार, ठरलेला बेत मोडण्याचा संकोच, अनुभवी मानल्या गेलेल्या सोबत्यावर टाकलेला निर्णय, आणि दुसरे लोक आधीच तेथे असणे, ही त्यामागील कारणे होती.

यांतील परिचयाचे कारण सर्वांत दूरगामी आहे. ज्या उतारावरून मनुष्य शंभर वेळा सुखरूप गेला, त्या उतारावर त्याचा विश्वास बसतो. परंतु उतार सुखरूप पार होणे म्हणजे निर्णय योग्य होता असे नव्हे. निमित्त दुर्बळ स्थानी पडले नाही एवढाच त्याचा अर्थ. मोजमापाच्या भाषेत सांगावयाचे, तर उताराचे मौन हा पुराव्यांतील सर्वांत हलका पुरावा आहे. पुढील विवेचनात हाच मुद्दा पुनःपुन्हा समोर येईल.

४. सह्याद्रीतील पडताळा

बर्फाच्या जागी माती आणि हिमवर्षावाच्या जागी पाऊस ठेवला, की सह्याद्रीतील दरडीचे चित्र उभे राहते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या लाव्ह्याचे आडवे थर येथे एकावर एक रचलेले आहेत. घट्ट काळा कातळ, त्यावर सच्छिद्र व लवकर झिजणारा खडक, आणि मधूनमधून दोन थरांच्या सांध्यात सापडणारा तांबड्या, चिकण मातीचा पट्टा, अशी ही रचना आहे. उतारावर विदारणाने मुरूम व माती यांचे जाड आवरण तयार होते. हे आवरण म्हणजे वरची लादी. त्याचा खालच्या कातळाशी असलेला सांधा म्हणजे दुर्बळ थर.

येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. बर्फात नव्या थराचे वजन हे मुख्य कारण असते. मातीत पाण्याचे वजन गौण असून रंध्रजलदाब प्रमुख असतो. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या, की ते पाणी कणांना परस्परांपासून दूर रेटते. कणांतील घर्षण घटते, आणि जो उतार उन्हाळ्यात खंबीर असतो तोच श्रावणात निसरडा होतो. खालचा कातळ पाणी शोषीत नसल्यामुळे सांध्यावर पाणी साचून हा दाब त्वरेने वाढतो. प्रतिकार करणारे बल आणि खाली ओढणारे बल यांचे गुणोत्तर एकाच्या खाली गेले की उतार सुटतो. झाडे तोडणे, उताराचा पायथा कापणे, सपाटीकरणाने पाण्याच्या वाटा बदलणे, या मानवी कृती हे गुणोत्तर हळूहळू एकाच्या जवळ आणून ठेवतात. पाऊस केवळ शेवटचे निमित्त होतो.

अलीकडील घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते व रोहन येथे दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव सकाळच्या प्रहरी गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकास गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले व ५७ व्यक्ती बेपत्ता राहिल्या. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाकडून सांगण्यात आले.

यादीत नसलेल्या गावावर दरड येते याचा अर्थ यादी निरुपयोगी आहे असा होत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४-१५ पासून दरडप्रवणतेचे राष्ट्रीय मानचित्रण हाती घेतले. त्याचे प्रमाण एकास पन्नास हजार आहे. या प्रमाणावर नकाशातील एक सेंटिमीटर म्हणजे भूमीवरील अर्धा किलोमीटर. असा नकाशा कोणत्या रांगेवर लक्ष द्यावे हे सांगतो. कोणत्या वाडीवर कोणत्या ओहळातून लोट येईल हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. शिवाय जुन्या घटनांवरून केलेली यादी मौन पाळणाऱ्या उतारांना सहजच वगळते. त्यासाठी जागेवरील निरीक्षण लागते, आणि तेथे पहिल्या वर्गाच्या पुराव्यास समांतर अशा खुणा आढळतात : माथ्यावर पडलेल्या आडव्या भेगा, कललेली झाडे व खांब, भिंतींना नव्याने गेलेले तडे, झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ होणे किंवा आटणे. या खुणा गावकऱ्यांच्या नजरेस शास्त्रज्ञांपेक्षा आधी पडतात. त्यांची नोंद घेणारी व ती नोंद मिळताच गाव हलविणारी व्यवस्था असली तरच त्यांचा उपयोग होतो.

५. बालाघाटाचा उतार

बालाघाटाची घडण सह्याद्रीशी सगोत्र आहे. तोच लाव्हा, तेच आडवे थर, आणि पठाराच्या कडेला तोच पायऱ्यांचा उतार. पाटोदा, केज व अंबाजोगाईकडील उंच भागातून मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटाने खाली गंगथडीकडे उतरताना हे थर रस्त्याच्या कापलेल्या बाजूस स्पष्ट दिसतात. मग माळीण वा तळीये यांसारखी आपत्ती हे या रांगेचे नेहमीचे भय का नाही, हा प्रश्न भूगोलाच्या विद्यार्थ्याने अवश्य विचारावा.

उत्तराचा पहिला भाग पावसात आहे. २२ व २३ जुलै २०२१ च्या दरम्यानच्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. बीड जिल्ह्यास संपूर्ण वर्षात सरासरीने जो पाऊस मिळतो, त्याच्या जवळ जाणारा हा एका दिवसाचा आकडा आहे. दुसरा भाग आवरणात आहे. कमी पावसामुळे येथील विदारण मंद, वनस्पती विरळ, आणि जी माती तयार होते ती उतारावर टिकत नाही; ती धुपून खोऱ्यांत उतरते. बालाघाटाचे उतार म्हणूनच उघडे, दगडमुरमाचे आहेत. सुटून येण्याजोगी जाड, भिजलेली लादीच त्यांच्यावर फारशी नसते. अर्थात घाटरस्त्यांच्या कापलेल्या कडेवरून सुटे दगड घरंगळणे हा वेगळा व मर्यादित धोका येथेही राहतो. रस्ता रुंद करताना पायथा जितका उभा कापावा, तितका तो वाढतो.

परंतु येथेच मूल्यमापन थांबविले, तर त्यातून चुकीचा दिलासा मिळेल. जे पातळ आवरण या रांगेस दरडीपासून वाचविते, तेच तिला पुराच्या बाबतीत दुबळी करते. उघड्या मुरमावर पडलेला जोराचा पाऊस मुरत नाही, थांबत नाही. ओढ्यांतून लगेच वाहून जातो. उतार तीव्र, ओढे आखूड, आणि पठाराची कड नदीकाठच्या वस्तीपासून जवळ. त्यामुळे माथ्यावरील पाऊस आणि पायथ्याचा पूर यांत अवधी अल्प राहतो. हिमस्खलनात जसा दूर वर साचलेला भार सपाटीवरील ठाण्यावर येऊन आदळतो, तसाच हा प्रकार आहे. उतारावरील धोका येथे नाहीसा झालेला नसून त्याने रूप बदललेले आहे. सह्याद्रीत जो माती घेऊन येतो, तो बालाघाटात पाणी घेऊन येतो.

बिंदुसरा नदी हे याचे उदाहरण होय. बालाघाटात उगम पावून ती बीड शहरातून वाहते व पुढे सिंदफणेस मिळते. वर्षाचा बहुतेक काळ तिचे पात्र कोरडे वा क्षीण असते. २३ जुलै १९८९ रोजी हिलाच आलेल्या आकस्मिक पुराने शहरातील नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या आणि जीवितहानी झाली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने सिंदफणा व गोदावरीच्या काठची गावे पुन्हा पाण्याने वेढली गेली. ज्या जिल्ह्याची ओळख १९७२ च्या दुष्काळापासून टंचाईशी जोडली गेली, त्याच जिल्ह्यात पुराची स्मृती टिकणे कठीण जाते. कोरडे पात्र हे परिचित उतारासारखे आहे. वर्षानुवर्षे ते निरुपद्रवी दिसते. म्हणून तेथे प्रथम गुरे बांधली जातात, मग झोपडी उभी राहते, मग पक्के घर.

६. जोखमीचे गणित

धोका आणि जोखीम यांत भेद केला पाहिजे. निर्जन दरीत कोसळलेले हिमस्खलन हा धोका असला तरी जोखीम नाही. तेथे मनुष्य वा मालमत्ता असेल तरच जोखीम उत्पन्न होते. धोक्याची संभाव्यता, त्याच्या टप्प्यात असलेल्यांची संख्या, आणि त्यांची असुरक्षितता या तिहींच्या गुणाकाराने जोखीम ठरते. पावसाची तीव्रता माणसाच्या हाती नाही. टप्प्यात कोणी राहावे, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती आहे.

याच तत्त्वावर स्वित्झर्लंडमध्ये भूमीचे रंगवार पट्टे पाडले जातात. जेथे तीनशे वर्षांतून एकदा तरी दर चौरस मीटरला तीन टनांच्या आसपास दाबाचा लोट येणे संभवते, किंवा तीस वर्षांच्या आत कोणताही लोट अपेक्षित असतो, तो पट्टा तांबडा. तेथे नवे बांधकाम वर्ज्य आहे. त्याहून सौम्य धोक्याचा पट्टा निळा असून तेथे अटींसह बांधकाम चालते. महाराष्ट्रातही नद्यांच्या काठी पूररेषा आखल्या जातात. परंतु रंगांचा क्रम उलट आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा निळी, आणि तिच्या आतील क्षेत्र निषिद्ध. शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची रेषा तांबडी, आणि दोहोंमधील क्षेत्र नियंत्रित. रंगावरून अर्थ लावणाऱ्या अभ्यासकाने हा भेद विसरू नये.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाने मोठा गैरसमज होतो. असा पूर एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्वेध, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः प्रत्येक वर्षी त्याची संभाव्यता एक टक्का असते, मागील वर्षी काय घडले याच्याशी तिचा संबंध नसतो. पन्नास वर्षे टिकणाऱ्या घराच्या आयुष्यात असा पूर एकदा तरी येण्याची संभाव्यता त्यामुळे सुमारे चाळीस टक्के होते. पंचवीस वर्षांच्या पुराबाबत, पंचवीस वर्षांच्या वास्तव्यात ती सुमारे चौसष्ट टक्के आहे. निळ्या रेषेच्या आत घर बांधणारा मनुष्य आपल्या मुलांच्या लहानपणापासून त्यांच्या लग्नापर्यंतच्या काळात पूर न पाहण्यापेक्षा पाहण्याचीच शक्यता अधिक, असा हा हिशेब आहे. जुन्या नोंदींवरून काढलेले हे आकडे पर्जन्यमान स्थिर आहे असे गृहीत धरतात. अल्पावधीत पडणाऱ्या तीव्र पावसाचे प्रमाण वाढत असेल, तर खरी संभाव्यता याहून मोठी निघेल.

७. अभ्यासाची दिशा

वरील विवेचनावरून बीड जिल्ह्यात काम करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास तीन कामे सहज सुचतील. पहिले, घाटरस्त्यांच्या कापलेल्या बाजूंची पाहणी : थरांचा कल, तांबड्या मातीच्या पट्ट्यांची स्थाने, कातळातील फटींची दिशा आणि पावसाळ्यात पाणी झिरपण्याच्या जागा. हा रचनेचा पुरावा होय. दुसरे, बिंदुसरा, सिंदफणा व मांजरा यांच्या काठच्या जुन्या पूरखुणांची नोंद : भिंतींवरील पाण्याच्या रेषा, पाराच्या झाडांवर अडकलेला गाळकचरा, वृद्धांच्या आठवणी व त्यांचा महसुली कागदपत्रांशी ताळा. हा साक्षात पुरावा असून तो दरवर्षी थोडाथोडा नष्ट होत आहे. तिसरे, पर्जन्याच्या दैनिक आकड्यांवर न थांबता तासातासाच्या तीव्रतेचे मापन. कारण आखूड ओढ्यांच्या प्रदेशात दिवसभराचा एकूण पाऊस पुराविषयी फारच थोडे सांगतो.

या तिन्ही कामांत निष्कर्ष मांडताना हिमशास्त्राने घालून दिलेली शिस्त पाळणे इष्ट ठरेल. धोक्याची खूण आढळली, तर ती निःसंकोच नमूद करावी. खूण आढळली नाही, तर ‘खूण आढळली नाही’ एवढेच लिहावे. त्या जागी ‘धोका नाही’ असे लिहू नये. या दोन वाक्यांमधील अंतर कागदावर अल्प दिसते. इरशाळवाडीत ते एका वाडीएवढे ठरले. बीडमध्ये दुष्काळाचा अभ्यास भरपूर झाला आहे आणि तो होणे आवश्यकच होते. ज्या दिवशी हाच कोरडा डोंगर पाणी घेऊन खाली येतो, त्या दिवसाचा अभ्यासही तितकाच अगत्याचा आहे, आणि तो पात्र कोरडे असतानाच करावा लागतो.